बिनमुखवट्याचं सोंग

शहापूरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. तिथं लहानू निरगुड्याचे जितके फोटो मी काढले, तितके कुठल्या पुढाऱ्याचे काढले नाहीत, कुठल्या नवरदेवाचे काढले नाहीत आणि माझ्या स्वतःच्या मुलांचे तर नाहीतच. हसणारा लहानू, रागावलेला लहानू, टाय लावलेला लहानू, डोक्याला रुमाल बांधून गुंड झालेला लहानू. त्यातला एकही फोटो धड आला नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आता सांगून काही उपयोग नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

तो पहिल्यांदा आला तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. डोकं तासलेलं, अंगात चुरगळलेला पांढरा शर्ट. माझ्या स्टुडिओत कुणी चप्पल काढून येत नसे, हा मात्र चप्पल पायरीवर ठेवून आत आला. माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. लहानपणी कोयता लागून उजव्या पायाचा अंगठा फाटला होता आणि तसाच भरून आला होता. बाकीच्या चार बोटांशी भांडण झाल्यासारखा तो अंगठा बाहेर तोंड करून उभा असायचा.

"फोटोमास्तर, माज्या बापाचा फोटो हाय काय तुमच्याकडं?" त्यानं विचारलं. "दहाव्याला लावायचाय."

बाप कोण, कुठला, ते विचारल्यावर माझ्या लक्षात आलं. किन्हवलीच्या पुढं, मुरबाडच्या हद्दीला लागून त्यांचा पाडा. होळी उलटली की तिथं बोहाडा व्हायचा. देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळाच्या तालावर रात्रभर गावच्या वाटेनं नाचत येतात, तो बोहाडा. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे बापजाद्यांपासून ठरलेलं. गणपती ज्या घरचा, त्यानंच गणपती आणायचा. त्राटिका ज्याची, तिला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. निरगुड्यांच्या घरात म्हैसासुर होता. ते सोंग सगळ्यात शेवटी, ऊन वर आल्यावर निघायचं. देवी त्याच्याशी लढायची आणि म्हैसासुर पडायचा. पण तो एकदम मरत नसे. तीनदा पडून तीनदा उठायचा आणि चौथ्यांदा पडला की मग उठत नसे. तेव्हा कुठे देवी शांत व्हायची आणि गावाचं वर्ष बरं जायचं, अशी समजूत.

लहानूचा बाप या मरण्यात पटाईत होता. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं नुसतं त्याचं पडणं बघायला यायची. मीही दोन-तीन वर्षं कॅमेरा घेऊन गेलो होतो. ते सोंग उजेडात निघायचं, म्हणून माझे फोटोही बरे आले होते. मी पेटी उघडली आणि पाच फोटो काढून काउंटरवर मांडले. लहानू वाकून बघत राहिला.

पाचही फोटोंत मुखवटा होता. लाकडी, काळा, शिंगांचा, डोळे लाल रंगवलेले. त्याच्या आत बाप होता.

"बिनमुखवट्याचा नाय?"

नव्हता. मी त्याच्या बापाचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. सोंग निघायच्या आधी तो देवळामागं बसलेला असायचा आणि मेल्यावर त्याला उचलून देवळामागंच नेत असत. शेवटी लहानूनं त्यातलाच एक फोटो मोठा करून, चौकट लावून नेला. चार दिवसांनी चौकट घेऊन परत आला. त्याची आई दहाव्याला त्या फोटोसमोर बसायला तयार झाली नव्हती. म्हणाली होती, "ह्यो म्हैसासुर हाय. माजा नवरा नाय."

चौकट त्यानं माझ्या काउंटरवर पालथी ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, बाप आख्खी जिंदगी नाचला. हजार मानसांनी बगितला. नि त्याचं तोंड कुनालाच माहीत नाय. मला बिनमुखवट्याचं सोंग घ्यायचंय. आयेनं बगितलं पायजे, माजं तोंड, मोट्या पडद्यावर. निदान टीव्हीत."

माणसं नट व्हायला का निघतात याची मी पुष्कळ कारणं ऐकली आहेत. कुणाला गाडी हवी असते, कुणाला मुली मागं लागायला हव्या असतात, एखाद्या नटासारखा भांग पाडता येतो म्हणून कुणाचा स्वतःबद्दल गैरसमज झालेला असतो. लहानूला फक्त आईला आपलं तोंड दाखवायचं होतं. ते तोंड ती रोज भाकरी वाढताना बघत होती, असं मी त्याला म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "तसं नाय." एवढंच. पुढं समजावून सांगत बसला नाही.

लहानू मुरबाडला एका कारखान्यात माल चढवायला जायचा. तिथून सुटला की एसटी स्टँडवर बसायचा. घरची गाडी सुटली तरी चालेल, पण तासभर माणसं बघितल्याशिवाय उठायचा नाही. त्याची शाळा ती. आणि तो माणसांचे चेहरे बघायचा नाही, पाय बघायचा. "मानूस पायानं वळखायचा, मास्तर. तोंडाचं काय, ते कायबी बोलतं," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. मग माझ्या स्टुडिओत येऊन तो मला ती माणसं करून दाखवायचा. तलाठी कसा चालतो, नवी सून सासूच्या मागून कशी चालते, दारू प्यालेला माणूस आपण प्यालो नाही हे दाखवायला कसा चालतो. एकदा डोक्यावरून टॉवेल घेऊन, तोंड पूर्ण झाकून, एसटीतून उतरणारी म्हातारी केली. पायरीवर एक पाय, दुसरा हवेत, कंडक्टर घंटी देतोय आणि म्हातारी त्याला शिव्या देतेय. शिव्याही तोंडानं नाही, कमरेनं. मी हसून हसून खाली बसलो. गिऱ्हाइकं दारात थांबली होती, तीही हसत होती.

मग मी म्हणालो, चल, आता फोटो काढू. तो स्टुलावर बसला. मी दिवे लावले आणि लहानूचा चेहरा बंद झाला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. दुकानाचं शटर ओढावं तसा. मी म्हणालो, हस. तो म्हणाला, हसतोय की. मी म्हणालो, रागाव. तो म्हणाला, रागावलोय. चेहऱ्यावर काही नाही. मात्र खाली मांडीवर ठेवलेल्या मुठी बघाव्यात, तर रागानं थरथरत असायच्या. खांदे रडत असायचे. पण फोटो छातीपासून वरचा हवा होता. नाटक-सिनेमावाले तोच मागतात.

याचं कारण त्यानंच मला एकदा सहज सांगितलं. दहाव्या वर्षापासून बापानं त्याला मुखवट्यात उभा केला होता. मुखवटा जड. तो सरकू नये म्हणून आत दात आवळून धरायचे आणि चेहऱ्याची रेघ हलवायची नाही. हलवली की मुखवटा सरकतो, डोळ्यांची भोकं चुकतात आणि माणूस आंधळा होतो. बाप बाहेरून काठीनं गुडघ्यावर टोचायचा आणि म्हणायचा, "तोंड नको हलवू रं. जे काय हाय ते पायात उतरव." बापानं जीव लावून शिकवलेली विद्या होती ती. लहानूनं ती इतकी नीट शिकून घेतली होती की पुढं मोडता आली नाही.

मला हे तेव्हाच कळलं होतं. मी फोटोग्राफर आहे, माझं पोट चेहऱ्यांवर चालायचं. त्याच दिवशी त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पुढच्या वेळी जरा उजेड बदलून बघू." पुढची दहा वर्षं मी उजेड बदलत राहिलो.

मध्यंतरी एक बरी गोष्ट घडली आणि तिनंच घात केला. साक्षरतेच्या मोहिमेत गावोगाव पथनाट्यं व्हायची. मुरबाडच्या आठवडी बाजारात त्यात लहानूला दारुड्याचं काम मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तो मुखवट्याशिवाय माणसांसमोर उभा राहिला. बाजार भरलेला, लोक लांबून गोल करून उभे, आणि लहानू असा पडला, असा उठला की भाजीवाल्या टोपल्या सोडून बघायला आल्या. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कागदावर पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "तुझ्यात काहीतरी आहे, ये कधीतरी." तो कागद लहानूनं माझ्याकडून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. या वाक्यावर तो पुढं कितीतरी वर्षं जगला. लांबून बघणाऱ्या बाजाराला त्याचा चेहरा दिसतच नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

त्या पत्त्यावर तो गेला. पिशवीत इस्त्रीचा शर्ट आणि माझे फोटो घेऊन आसनगावला गाडी धरायचा, स्टेशनात शर्ट बदलायचा आणि संध्याकाळी पुन्हा जुना शर्ट घालून माझ्याकडं यायचा. काय झालं ते सांगायचा. सांगण्यात तक्रार नसायची, बातमी सांगावी तसं सांगायचा.

"आज बोलवलं आत. कॅमेरा एवढा जवळ, मास्तर, हात लावावा एवढा. साहेब बोलले, दुःख दाखव. आये मेली असं समज."

"मग?"

"मंग मी पाठमोरा झालो."

"का?"

"पाठीनं रडलो की. माज्या बापानं शिकवलंय ते. पुढून काय, कोनबी रडतो."

मी डोळ्यांसमोर आणलं. ते ऑफिस, तो कॅमेरा आणि त्याच्याकडं पाठ करून रडणारा लहानू. मला खात्री आहे की तिथं त्या दिवशी त्याच्याइतकं कुणी रडलं नसेल.

"काय म्हणाले?"

"हसले. बोलले, फोटो ठेवून जा." मग म्हणाला, "मास्तर, दुसरे फोटो काढू या काय?"

आणि मी दिवे लावले.

लहानूच्या घरी आई एकटी. लग्नाचं विचारून विचारून ती थकली होती. तिचं नाव ठमाबाई. अंगानं काडी, पण आवाज असा की पाड्याच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. मी एकदा गेलो तेव्हा मला म्हणाली, "दादा, तुमी शिकलेली मानसं. माज्या पोराला सांगा ना, त्याचं तोंड बरं हाय म्हनून. सारका आरशात बगतो." मी सांगतो म्हणालो. तिनं मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. भिंतीवर खुंटीला तो मुखवटा होता, वर धुतलेलं फडकं. ती रोज त्याला हळद-कुंकू लावायची. नवऱ्याचा म्हणून लावत नव्हती, देवाचा म्हणून लावत होती.

आता मी ज्या गोष्टीपाशी येतोय तिच्यात माझा हात आहे.

दशक संपता संपता एका मालिकेवाल्यांनी उंबरमाळीच्या बाजूला डोंगरात शूटिंग लावलं. त्यांना जागेचे फोटो काढायला इथला माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं. गोष्टीत एक जंगलातला माणूस होता. तो वाटाड्या म्हणून येतो, दोन वाक्यं बोलतो आणि गोळी लागून मरतो. मी लगेच म्हणालो, माझ्याकडं एक आहे. मरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. त्यांनी होकार दिला. मी किन्हवलीच्या गाडीनं निरोप पाठवला, तर लहानू गाडीची वाट न बघता चालत शहापूरला आला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण पायरी तो दोनदा चढला आणि दोनदा उतरला.

काम सोमवारी होतं. बोहाड्याचं शेवटचं सोंग, बापामागं लहानूच घ्यायचा ते, बुधवारी सकाळी. सगळं जमत होतं. पण सोमवारी त्यांचा नट आला नाही, मंगळवारी जनरेटर बिघडला, आणि मंगळवारी दुपारी निरोप आला, उद्या सकाळी सातला.

लहानू माझ्यासमोर उभा राहिला. "मास्तर, काय करू?"

मी विचारसुद्धा केला नाही. म्हणालो, "अरे, सोंग दरवर्षी आहे. हे पुन्हा येणार आहे का?"

 मला जी गोष्ट ठाऊक नव्हती ती त्याला पुरती ठाऊक होती. ज्या घरातून सोंगाला माणूस उभा राहत नाही, त्या घरातून मुखवटा जातो. पंच तो दुसऱ्या घराला देतात आणि गेलेला मुखवटा परत येत नाही. निरगुड्यांच्या घरात मुखवट्याला उभा राहणारा आता लहानू एकटाच होता. हे त्यानं मला तेव्हा सांगितलं असतं, तर मी काय म्हणालो असतो, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित तेच म्हणालो असतो. आईनं पडद्यावर तोंड बघायचं म्हणजे एवढं करावंच लागतं, असं काहीतरी.

बुधवारी सकाळी साहेबांनी, म्हणजे डोक्यावर टोपी घातलेल्या एका तरुण मुलानं, लहानूला जागा दाखवली. इथून यायचं, इथं थांबायचं, गोळीचा आवाज झाला की पडायचं. दोन वाक्यं त्यानं बरी म्हटली. बार उडाला. लहानूनं छातीवर हात नेला, एक गिरकी घेतली, गुडघ्यावर आला, माती मुठीत घेतली आणि आडवा झाला. मी तिथं उभा होतो. अंगावर काटा आला माझ्या.

आणि मग तो उठला.

उठला, झोकांड्या देत दोन पावलं पुढं आला, पुन्हा पडला, पुन्हा उठला.

"कट! कट!" साहेब ओरडले. "अरे, गोळी लागल्ये ना तुला?"

"व्हय साहेब."

"मग मर ना!"

"मरतोय की. पन यकदम नाय मरत."

"किती वेळात मरतोस?"

"तीनदा उठतो."

सगळं युनिट हसलं. चहावाला हसला. मीही हसलो, हे कबूल करतो. साहेबांनी त्याला खांद्याला धरून नीट समजावलं. त्यांचा काही दोष नव्हता, बिचारे ऊन चढायच्या आत सीन संपवायला बघत होते. लहानू मान हलवत होता. पुन्हा बार उडाला. लहानू पडला. आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. तो पडून राहिला, राहिला, आणि त्याचा उजवा गुडघा हळूहळू वर आला. मग हात. अर्धा उठला आणि आपणच थांबला. लबाडी करताना पकडल्यासारखा आमच्याकडं बघायला लागला.

तिसऱ्या वेळीही तेच. साहेबांनी टोपी काढून आपटली.

लहानू हात जोडून म्हणाला, "साहेब, माज्याच्यानं व्हत नाय. तीनदा उठल्याबिगर देवी शांत व्हत नाय. आज आमचा दिवस हाय तो."

कुठली देवी, कसला दिवस, हे तिथं कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मी घड्याळ बघितलं. नऊ वाजत आले होते. त्याच वेळी तिकडं पाड्यावर संबळ वाजत असणार आणि म्हैसासुरावाचून सगळं अडून बसलेलं असणार. पोराचं शरीर इकडं होतं, आणि ते शरीर तिकडचं काम करत होतं.

शेवटी युनिटमधला एक ड्रायव्हर लहानूचा शर्ट घालून पाठमोरा झटकन मेला. लहानूला नंतर पांढऱ्या चादरीखाली प्रेत म्हणून झोपवलं. चेहऱ्यावर चादर, पाय बाहेर. दोन तास तो उन्हात तसा पडून होता. एकदाही हलला नाही.

पाड्यावर काय झालं ते मला नंतर समजलं. ऊन देवळाच्या कळसाला लागेपर्यंत पंच थांबले. मग निरगुड्यांच्या दारात आले. ठमाबाईनं एका शब्दानं वाद घातला नाही. तिनंच खुंटीवरून मुखवटा उतरवला, फडक्यानं पुसला आणि पंचांच्या हातात दिला. पोरगा संध्याकाळी आल्यावर त्याला एवढंच म्हणाली, "देव थांबत नाय, बाबा." मग त्याला भाकरी वाढली. मुखवटा त्याच पाड्यावरच्या गंगा दरोड्याच्या घरी गेला.

मालिकेचा तो भाग दोन महिन्यांनी लागला. किन्हवलीला लहानूच्या मामाच्या ओळखीच्या घरी टीव्ही होता. तिथं ठमाबाईला नवं लुगडं नेसवून पुढं बसवलं. खोली भरली होती, खिडकीतही माणसं होती. मीही होतो. मी लहानूला आदल्या दिवशी सांगायला हवं होतं की फक्त चादर दिसेल. नाही सांगितलं. त्यानंही विचारलं नाही. त्याला वाटत असावं की दोन वाक्यं तरी ठेवली असतील. ती त्यांनी ड्रायव्हरच्या मरणासकट कापून टाकली होती, हे मला आधीच कळलं होतं.

डोंगर दिसला, पोलिसांची जीप दिसली. मग चादर आली. कॅमेरा खालून वर गेला. आधी पाय, मग पांढरी चादर, मग नटीचं रडणारं तोंड. सगळं मिळून तुम्ही चहाचा एक घोट घ्याल तेवढा वेळ. लोक अजून लहानूची वाट बघत होते. तेवढ्यात ठमाबाई उठून उभी राहिली आणि त्या आवाजात म्हणाली,

"त्ये बगा! माज्या लहानूचं पाय!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ती नाही हसली. टीव्हीत जाहिरात लागली तरी ती त्या जागेकडं बोट दाखवून उभी होती.

बाहेर आल्यावर लहानू मला म्हणाला, "आयेनं वळखलं, मास्तर." त्याला आनंद झाला होता की तो आतून मोडला होता, हे कळायला मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतंच. पायांकडं बघायला मी विसरलो.

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. मुरबाडचा कारखाना वारंवारच्या दांड्यांमुळं आधीच सुटला होता. तरी वर्षातून एकदा तो यायचा, स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "काढा. यावेळी येल." मी काढायचो. पुढं पुढं तो फोटो न्यायलाही येईनासा झाला. मी डिजिटल कॅमेरा घेतला, कॉम्प्युटर घेतला. लहानूच्या जुन्या निगेटिव्ह बुटांच्या दोन खोक्यांत भरून माळ्यावर गेल्या.

एका वर्षी मी पुन्हा बोहाड्याला गेलो. गर्दीच्या मागं, गोठ्याच्या भिंतीला टेकून लहानू उभा होता. म्हैसासुर आला. गंगा दरोड्याचा मुलगा होता आत. तो वाशिंदला कंपनीत होता आणि त्याला दुपारच्या पाळीला जायचं होतं. तो पडला, उठला, पडला, उठला, आणि तिसऱ्यांदा पडला तो पडूनच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संबळ थांबलं. मी मागं बघितलं. लहानूचा उजवा गुडघा भिंतीला टेकल्या टेकल्या वर आला होता.

"तिसऱ्यांदा उठला नाय," तो म्हणाला. आणि घरी निघून गेला.

शेवटचा मला तो दिसला वाशिंदला, दोन हजारच्या दशकाच्या अखेरीला. स्टेशनच्या पूर्वेला नव्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथं एका मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि फोटोचं काम माझ्याकडं होतं. फुगे, फीत, स्पीकर, आणि दारात गिऱ्हाइकांना हात करायला एक अस्वल. आत माणूस असतो, बाहेर केसाळ कापड आणि वर टोपल्याएवढं हसरं डोकं, तसलं. पोरं त्याच्या पोटात बुक्के मारत होती. ते नाचत होतं.

मी फीत कापतानाचे फोटो काढले आणि सहज त्या अस्वलाकडं बघितलं. स्पीकरवर कसलं तरी धांगडधिंग्याचं गाणं चाललं होतं, पण अस्वल त्या गाण्यावर नाचत नव्हतं. त्याला भलताच ताल ऐकू येत होता. एका पोरानं बोटांची बंदूक करून ठो केलं. अस्वलानं छातीवर पंजा नेला, गिरकी घेतली, गुडघ्यावर आलं, पडलं. पोरं ओरडली. अस्वल उठलं. पुन्हा पडलं, पुन्हा उठलं. तिसऱ्यांदा पडलं, आणि अगदी हळू, हातावर भार देत, तिसऱ्यांदाही उठलं. मग पडलं ते पडलं. पोरं खिदळत त्याच्या अंगावर चढली.

मी खाली बघितलं. अस्वलाचे केसाळ बूट दुकानाच्या पायरीवर नीट जोडून ठेवलेले होते. चप्पल घालून त्याला कधी नाचता आलंच नव्हतं. फरशीवर दोन अनवाणी पाय होते आणि उजवा अंगठा बाकीच्या बोटांकडं पाठ करून उभा होता.

दुपारी मंडळी आत जेवायला गेली तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो. "लहानू."

त्यानं डोकं काढलं. केस पांढरे झाले होते, घामानं तोंड भिजलेलं. मला बघून त्याला काय वाटलं ते नेहमीप्रमाणं दिसलं नाही. त्यानं काखेतलं ते हसरं डोकं नीट धरलं.

"मास्तर, बरं हाय ना?"

"आई कशी आहे?"

"हाय. डोळ्यांनी कमी झाली. थोडं थोडं दिसतं."

 माझ्या हाताला एकच गोष्ट येते. मी कॅमेरा उचलला आणि म्हणालो, "थांब, एक काढतो तुझा. आईसाठी." उजेड सुरेख होता, डाव्या बाजूनं, मऊ. वर्षानुवर्षं मी स्टुडिओत जो शोधत होतो तो. आज येईल, असं मला खरोखर वाटलं.

लहानूनं एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं. मग ते डोकं दोन्ही हातांनी उचललं, डोक्यावर घातलं, डोळ्यांची भोकं नीट बसवली. पाय जोडून ताठ उभा राहिला. आतून आवाज आला, लांबून आल्यासारखा.

"आता काढा. पाय येऊ द्या, म्हंजे आयेला वळखू येल."